चिमटा

इन्याशिओनं नखानं रेघ दाखवली,
केसाएवढी, मुकुटाच्या जरा वर,
कार्बनची नळी जिथे मानेत शिरते तिथे.
ओरखडा असेल, मी म्हटलं.
त्यानं खिशातलं नाणं काढून वाजवलं.
इथे टण्, इथे टण्,
आणि तिथे
ओल्या पुठ्ठ्यावर टिचकी मारावी तसं.
"अराते उतरताना गेला असता," तो म्हणाला,
आणि पुढची पाच मिनिटं
मी भिंतीवरच्या टायरांच्या किमती वाचत राहिले.

सांगाड्याला काही झालेलं नाही.
टायटॅनियम. अठ्ठावीस वर्षं. रंग नाही, म्हणून उडाला नाही.
कारखाना मिटला तेव्हा हातावर ठेवलेल्या पैशांतून घेतला होता.
एवढ्यात स्वयंपाकघर नवं झालं असतं, आई म्हणायची,
आणि खरंच झालं असतं.
या एबारात आधी बंदुका झाल्या,
मग त्याच हातांनी सायकली,
मग मी, शिवणयंत्रांचे दांडे मोजणारी.
आता त्या शेडमध्ये पोरं काचेच्या भिंतींवर चेंडू मारतात.

एक इंची मानेचा चिमटा आता कोण करतो?
"सगळ्यांच्या माना जाड झाल्या, इदोया," इन्याशिओ म्हणाला,
"सायकलींच्यासुद्धा."

तरी त्यानं दोन शोधून आणले.
पहिला एका बुडालेल्या गोदामातला, कोरा करकरीत,
वीस वर्षं खोक्यात पडून.
वजनाला पीस. पण आतल्या गोंदाचं वय
त्याच्या तोंडावरून सांगता येत नाही.
दुसरा उंचीला सात मिलिमीटर जास्त;
लावला तर सायकल नाक वर करून चालेल,
गावात नवीनच आलेल्या नोटरीसारखी.
तिसरा अजून नव्हताच.
दुरांगोची मायालेन पोलादाचा जोडून देईल.
सहा आठवडे. साडेतीनशे ग्रॅम जास्त.
"साडेतीनशे!"
"रविवारी चीज किती खाल्लंस?"

मायालेनचा फोन आला. तिला बाक हवा होता:
त्रेचाळीस की पंचेचाळीस?
जुना त्रेचाळीस, इन्याशिओनं ओळंबा लावून मोजलेला.
दोन मिलिमीटर. तांदळाच्या दाण्याची जाडी.
"वळते कशी?" तिनं विचारलं.
मला सांगता येईना.
स्वतःची सही कशी करता, असं कुणी विचारावं तसं झालं.
शेवटी मी हात हवेत तिरका करून दाखवला
आणि मग लक्षात आलं, फोनवर आहोत.
"पूर्वीसारखं कर," मी म्हटलं.
"पूर्वीसारखं वळायला हवंय,
की पूर्वीसारखं वाटायला?"
मी उजवा कोपर दुमडून बघितला. कटकन वाजला.
"पंचेचाळीस," मी म्हटलं.

चिमटा आला तो हिरवा, रंग मी निवडला नव्हता.
मग नळी कापायची वेळ.
मला हँडल खाली हवं, होतं तिथेच,
जिथून माझी पाठ एकतिसाव्या वर्षी टेबलासारखी सपाट दिसायची.
इन्याशिओनं करवत बाजूला ठेवली.
"कापलेलं वाढत नाही.
लोक चाळिशीत येतात आणि पंचविशीच्या मापानं कापून नेतात."
"मी एकोणसाठची आहे."
"तेच म्हणतोय."
घासाघीस झाली. चार कड्यांवर तुटली.
त्यातली एक कडी मी रात्री हळूच वर सरकवली.
पाठीनं सकाळी ओळखलं.

काल अराते.
चौथ्या वळणावर, जिथे पाण्याची डोणी आहे
आणि एक आंधळं कुत्रं प्रत्येक चाकावर भुंकतं,
मी वळायचं ठरवलं
आणि सायकल आधीच वळलेली होती.
किंचित. तांदळाएवढी.
क्षणभर वाटलं, आपल्याखाली दुसरंच कुणी आहे,
ओळख करून घ्यायला हवी.
मग मांड्यांतून ती जुनीच बारीक थरथर आली,
टायटॅनियमची, तिला मी डोळे मिटून ओळखते
(मिटले नाहीत, उतार होता).

पुढचा ब्रेक मात्र किंचाळतो.
कुत्रं घाबरलं.
उद्या दुकान उघडायच्या आधी जायला हवं,
आणि ती कडी
त्याच्या नजरेस पडायच्या आत
जागच्या जागी.